सात नंबरचं बोअर

१

मंगळवार हा मोजणीचा वार. सकाळी गोटीला पाळणाघरात सोडायचं. ती रडली तर जिन्यात चोरासारखं उभं राहून रडं थांबल्याची खात्री करायची. नाही रडली, तर एवढ्यात विसरली का आपल्याला, म्हणून स्वतःच हिरमुसायचं. मग पिवळी पेटी उचलायची आणि मागच्या अंगणात जायचं. पेटीचं वजन गोटीपेक्षा दीड किलोने कमी होतं. हे तिने मुद्दाम तोलून पाहिलं होतं, आणि असलं काही तोलून पाहणारी आई जगात आपण एकटीच असणार, अशीही तिची खात्री होती.

अंगण एका जुन्या, सूत रंगवायच्या कारखान्याचं. कारखाना बंद पडून बारा वर्षं झाली होती आणि इमारतीत आता भाड्याची ऑफिसं होती. जमिनीखालचं पाणी तपासून देणारी तिची पाच माणसांची कंपनी पहिल्या मजल्यावर, आणि पाळणाघर तळघरात. पूर्वी सुताचे गठ्ठे बांधायचे त्या, अर्ध्या जमिनीत गेलेल्या खोलीत. कारखान्याच्या बॉयलरचं तेल अंगणात पुरलेल्या टाकीत असायचं. टाकीचा तळ गंजला, आणि कुणाच्या ध्यानात यायच्या आत चाळीस हजार लिटर फर्नेस ऑइल जमिनीने पिऊन टाकलं.

मातीत तेल पसरतं, तसं ते खडकात पसरत नाही. खडकात ते भेग शोधतं. भेग वळेल तिकडे वळतं, फाटा आला की फुटतं, आणि पाणी लागलं की त्याच्यावर तरंगत बसून राहतं, वर्षानुवर्षं. ते कुठे बसलंय हे बघायला अंगणात सात बोअर पाडलेली होती. प्रत्येकात टेप सोडायची. टेपच्या टोकाला बोटभर लांबीचा प्रोब. तेलाला लागला की तो सलग शीळ घालतो आणि पाण्याला लागला की टिकटिकतो. शीळ जेवढी लांबते तेवढा तेलाचा थर. ती नोकरीला लागली तेव्हा थर वीतभर होता, आता नखाएवढा उरला होता. खडकातल्या भेगांमध्ये जंतू असतात, ते तेल खातात. हवा असली तर हवेच्या आधाराने, नसली तर गंधकाच्या, लोखंडाच्या, मिळेल त्याच्या आधाराने, पण खातात. कुणी हाका मारत नाही, कुणी मध्येच उठवत नाही, निवांत. तिला कधीकधी त्यांचा हेवा वाटायचा.

त्या मंगळवारी पहिली सहा बोअर नेहमीसारखी निघाली. सातवं पाळणाघराच्या भिंतीपासून जेमतेम आठ पावलांवर. तिने टेप सोडली. चौदा मीटरवर थेट टिकटिक. शीळ नाहीच. तिने खात्रीसाठी प्रोब पाण्यात आणखी तीन मीटर खाली जाऊ दिला, आणि मग एका हातात फडकं धरून टेप गुंडाळायला घेतली.

फडक्याला पुसायला काही मिळेना.

सहा वर्षं तेलात बुडून ती टेप काळीतपकिरी झालेली होती. खालचे आकडे ती आता सवयीनेच वाचायची. ते शेवटचे तीन मीटर पांढरेशुभ्र होते. आकडे ठसठशीत, जसे दुकानातून आणताना होते तसे. आणि जिथे पाणी संपलं होतं तिथे रेघ मारल्यासारखा मळ पुन्हा सुरू होत होता.

तिने टेपला नाक लावलं. कसलाही वास नव्हता. पुसलेल्या वस्तूला फडक्याचा वास येतो, धुतलेल्या वस्तूला साबणाचा. तिच्या मनात ‘चाटून साफ केलेली’ असा शब्द आला, आणि तिने तो लगेच हुसकून लावला.

२

“शून्य!” साहेब खुर्चीतून अर्धे उठले. “मॅडम, पेढे कुठे आहेत?”

साहेब वाईट नव्हते. वीस वर्षं लोकांची सांडलेली तेलं मोजून त्यांना कधीतरी एक शून्य बघायचं होतं, एवढंच. परवा, गुरुवारी, तपासणी अधिकारी येणार होता. सात नंबरला शून्य, बाकी सहांत नखाएवढं, फाइल बंद. अहवालावर मोजणाऱ्याची, म्हणजे तिची सही हवी होती.

तिने टेप टेबलावर ठेवली. साहेबांनी चष्मा कपाळावर चढवून ती पाहिली.

“जंतू साबणासारखं काहीतरी सोडतात. तेल सुटं करून खायला. पुस्तकात आहे.”

“आहे. पण एका मिनिटात सहा वर्षांचा डाग, साहेब?”

“भूक लागली असेल त्यांना.” साहेब आपल्याच विनोदावर खूश झाले.

“तेच म्हणतेय मी. तेल संपलंय. आता ते काय खाणार?”

“काय खाणार म्हणजे? मरतील. जंतू आहेत मॅडम, जावई नाहीत.” मग त्यांचा आवाज मऊ झाला. तो मऊ आवाज तिला चांगला माहीत होता. गोटी झाल्यापासून सगळे तिच्याशी अधूनमधून त्याच आवाजात बोलत. “झोप होतेय ना नीट?”

ती जागेवर जाऊन बसली. नवऱ्याला फोन लावला, टेपचं सांगितलं. तो म्हणाला, “अगं, स्वच्छ झाली तर झाली. आपल्या ओट्यावर सोड तिला एकदा.” तीही हसली. शिकलेली बाई होती ती. भूशास्त्रात पदवी होती, गॅस बंद केलाय का हे बघायला तीनतीनदा घरी परत जायची सवयही होती. आणि या दोन्हींतली कुठली बाई आत्ता बोलतेय, हे तिचं तिलाच सांगता येईना.

३

दुपारी ती पाळणाघरात उतरली. सहा मुलं, एक लांबट खोली, आणि मावशी. मावशींचा चार पिढ्या वाढवल्याचा दावा होता. वयाच्या हिशोबाने तीनच बसत होत्या.

“या, गोटीच्या आई. आज मी तुमच्या साहेबांना दुवा देतेय. भिंत साफ करून घेतायत ना?”

“कुठली?”

“ही काय.” मावशींनी अंगणाकडची लांब भिंत दाखवली. तिची निम्मी उंची जमिनीखाली होती. “मेल्यांनी मेणखडूने गिरगिटून नुसता उकिरडा केला होता. मी घासघासून दमले. आणि गेल्या आठवड्यापासून बघते, तर रोज थोडं थोडं पुसलेलं असतं. खालून वर.”

ती भिंतीजवळ गेली. वर, मोठ्या मुलांचा हात पोचतो तिथे, मेणखडूच्या रेघा शाबूत होत्या. एक जांभळं घर, एक मिशावाला सूर्य. त्याखाली रेघा फिकट होत गेल्या होत्या. आणि गुडघ्याच्या उंचीपासून जमिनीपर्यंत भिंत इतकी कोरी होती, की तिच्यावर कधीच कुणी काही काढलं नसावं.

मेणखडू. मेण खनिज तेलातूनच निघतं. हे तिला कॉलेजपासून माहीत होतं, पण आजपर्यंत त्याचा काही उपयोग झाला नव्हता.

“आणि पोरंही बघा कशी,” मावशी म्हणाल्या. “पूर्वी झोपताना कोपरा-कोपरा करून भांडायची. आता सगळी भिंतीकडे सरकतात. मध्ये घातली तरी झोपेत लोळत लोळत भिंतीलाच. आईला चिकटावं तशी.”

गाद्यांवर सहा मुलं झोपली होती. सहाही भिंतीला लागून. खोलीत त्यांच्या श्वासांखेरीज आवाज नव्हता. ते श्वास सगळे एकदम आत जात होते आणि एकदम बाहेर येत होते.

मुलं झोपली की असं होत असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. पण कुठल्याच पुस्तकात तसं तिने वाचलं नव्हतं, आणि पुस्तकं तर तिने ढिगाने वाचली होती.

४

गोटीला उचललं तेव्हा ती डोळे न उघडताच भिंतीकडे हात करून कुरकुरली.

घरी आंघोळीला तिचे कपडे काढले, आणि आईचा हात थबकला. गोटीचं उजवं अंग नेहमीसारखं, तुकतुकीत. मावशी रोज सकाळी तिला तेल लावत; बाटली आईनेच दिलेली, बेबी ऑइलची. डावं अंग मात्र कोरडं होतं. गाल, कान, दंड, मांडी, पोटरी. त्यावर ओरखडा नव्हता, की पुरळ नव्हतं. नुसतं कोरडं, पिठाचा हात लावल्यासारखं. तिने डाव्या गालावर बोट फिरवलं तर कागदावरून फिरवल्याचा आवाज आला. डाव्या भुवईचे केस ताठ आणि फिके झाले होते. आणि डाव्या कानामागे, जिथे बाळाचा म्हणून एक वास येतो, रोज रात्री ती नाक खुपसायची तिथे, आता काहीच वास येत नव्हता.

तिने कपाटातून त्याच तेलाची घरची बाटली काढली आणि मागची बारीक अक्षरं वाचली. पहिलाच घटक: खनिज तेल.

म्हणजे आधी ते. आणि त्याच्याखाली गोटीच्या कातडीचं स्वतःचं तेल.

नवरा दारात उभा होता. “हवा कोरडी आहे,” तो म्हणाला.

“एकाच बाजूची?”

तो गोटीकडे बघत राहिला. मग, चेष्टा न करता, त्याने विचारलं, “उद्या मी घरी थांबू?”

“थांब,” ती म्हणाली. “आणि तिला कुठल्याही भिंतीला टेकू देऊ नकोस.”

गोटीपुरतं झालं. पण आपल्यापुरतं झालं म्हणून माणूस शांत झोपू शकतो का, हे ती रात्रभर गोटीला पोटावर घेऊन ताडत राहिली. उरलेली पाच मुलं उद्या दुपारी त्याच गाद्यांवर असणार होती.

५

बुधवारी सकाळी बोअरवाले काका अंगणात आले होते. गुरुवारसाठी बोअरची झाकणं रंगवायची होती. तीस वर्षं जमिनीला भोकं पाडल्यामुळे त्यांनी आपलं आडनाव भोकपाडे करून घेतलं होतं आणि नव्या माणसाला ते तसंच सांगत.

“काका, सात नंबरला केसिंग किती मीटर आहे?”

काका ब्रश डब्यात बुडवायचे थांबले. “मॅडम, तुम्ही मला विचारता?”

“का?”

“केसिंग घातलेलंच नाही. उघडंच आहे ते.” काकांनी आवाज खाली आणला. “तुम्हीच म्हणालात की. पोट एवढं पुढे आलेलं तुमचं, खुर्ची टाकून बसला होता इथे. अठरा मीटरवर मी म्हटलं थांबू या, वरचे दहा मीटर पाइप घालून बंद करू. तुम्ही म्हणालात, काका, अजून चार मीटर खाली चला, तेलाची मोठी भेग तिथे असणार, केसिंग उद्या घालू. लागलीच भेग बावीसला, बरोबर होतं तुमचं. आणि त्याच संध्याकाळी तुम्हाला दवाखान्यात नेलं. तो उद्या काही आला नाही.”

तिला सगळं आठवलं. खुर्चीसुद्धा.

जमिनीखालचं काम करणाऱ्यांमध्ये ही चूक सगळ्यांना ठाऊक असते आणि तरीही होते. खडकात दोन भेगा असतात, एकमेकींना माहीत नसलेल्या. खालची तेलाने भरलेली, वरची कोरडी. आपण शोध घ्यायला म्हणून भोक पाडतो आणि दोघींची ओळख करून देतो. पाइप घालून वरचा भाग बंद केला की ओळख तुटते. इथे ती चौदा महिने तुटली नव्हती.

“वर भेग लागली होती?”

“तीन मीटरवर. बोट जाईल एवढी. तिरपी, तिकडे चढत गेलेली.” काकांनी ब्रशने दाखवलं. ब्रशच्या टोकाला पाळणाघर होतं.

काकांकडे बोअरमध्ये सोडायचा कॅमेरा होता. त्याच्या काचेवर काकांच्या अंगठ्याचा तेलकट ठसा कित्येक वर्षं होता. पडद्यावर उजव्या कोपऱ्यात तो कायम धुक्यासारखा दिसायचा आणि कुणी पुसायच्या भानगडीत पडायचं नाही. कॅमेरा खाली गेला. एक मीटर, दोन मीटर, करडा ओला खडक. तीन मीटरवर आडवी काळी भेग आली. बाकी खडकावर जुने तेलाचे ओघळ होते, पण भेगेच्या दोन्ही कडा स्वच्छ, घासून गुळगुळीत झालेल्या.

“थांबवा इथेच,” ती म्हणाली.

दोघं पडद्यावर वाकून बघत राहिली. काहीच हललं नाही. भेग होती, अंधार होता. आणि मग चित्र हळूहळू छान दिसायला लागलं. उजव्या कोपऱ्यातलं धुकं बाहेरून आत आटत गेलं. अंगठ्याच्या रेषा एकेक करून गेल्या. काच लखलखीत झाली.

“आयला,” काका हळूच म्हणाले. काच पुसणारं जे कोणी होतं, ते काचेच्या त्या बाजूला होतं.

६

साहेबांना तिने पाळणाघरात खाली आणलं. मावशींनी मुलांना जिन्याखालच्या मोकळ्या जागेत नेऊन बसवलं होतं. तिने एक लाल मेणखडू घेतला, भिंतीवर जमिनीपासून वीतभर उंचीवर आडवी जाड रेघ ओढली आणि घड्याळ बघत उभी राहिली.

चौथ्या मिनिटाला रेघ मधोमध तुटली. तुटलेला भाग दोन्हीकडे वाढत गेला.

साहेबांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा लावला. “दमट आहे भिंत.”

“दमट भिंतीवर मेण टिकतं, साहेब.”

“पाणी चौदा मीटरवर आहे. भिंत दीड मीटरवर. तेल वर चढत नाही.”

“तेल नाहीच चढलं. तेल खाणारं चढलंय. मी रस्ता करून दिला त्याला. सात नंबर आजच्या आज बुजवायचं आहे.”

“आज?” साहेबांचा आवाज चढला. “उद्या तो माणूस सात नंबरच बघायला येतोय! आपलं शून्य आहे तिथे! आणि अहवालात काय लिहू, की भिंत खडू खाते?”

तिने गोटीची तेलाची बाटली पर्समधून काढून पुढे केली. “हाताला चोळा आणि टेका भिंतीला. पाच मिनिटं. काही झालं नाही तर मी इथेच, उभ्या उभ्या सही करते.”

साहेबांनी बाटलीकडे पाहिलं. मग भिंतीकडे, जिथे रेघेची शेवटची दोन टोकं उरली होती. त्यांचे दोन्ही हात हळूहळू पँटच्या खिशात गेले.

“असल्या पोरखेळाला वेळ नाही मला. नोकरीचा विचार करा, मॅडम.”

“केला. रात्रभर केला. लहान मूल असलं की विचाराला वेळच वेळ असतो.” तिचा आवाज थरथरत नव्हता, आणि याचं तिलाच सगळ्यांत जास्त नवल वाटलं. “तुमचे हात खिशात गेले ना, साहेब? ही पाच पोरं खिशात घालायला आईबाप इथे नसतात.”

साहेब गेले. जिन्यात त्यांची पावलं नेहमीपेक्षा भरभर वाजली. मावशींनी पदर खोचला.

“मला काय करायचं ते सांगा, बाई. मला भूशास्त्र येत नाही, पण पोरं माझी आहेत.”

७

काकांनी नियम सांगितला. बोअर तळापासून वर भरतात. पाइप तळाशी सोडायचा आणि सिमेंट खालून चढवत आणायचं, म्हणजे पोकळी राहत नाही.

“खालून भरलं तर जे आत आहे ते वर ढकललं जाईल,” ती म्हणाली. “तीन मीटरवर त्याला दार उघडं आहे. नाही. पाच मीटरवर गोणपाटाचा बोळा ठोकायचा आणि त्याच्यावरून वरपर्यंत सिमेंट. वरची भेग कायमची बंद.”

“मग खाली पोकळी राहील.”

“राहू दे. खालचं त्याचं. वरचं आपलं.”

“आणि ते आत्ता भिंतीत बसलंय त्याचं काय? त्याला तिकडेच कोंडणार?”

तिने बोअरच्या तोंडाकडे पाहिलं. सहा वर्षं ज्या जमिनीतून थेंब थेंब तेल गेलेलं मोजलं, तिच्यासमोर ती उभी होती. मग म्हणाली, “काका, तुमच्या मशीनला डिझेल किती आहे?”

काकांच्या ध्यानात आलं: आमिष. त्यांनी वीस लिटरचा डबा आणून ठेवला, आणि टोपण मात्र तिला उघडू दिलं. डबा कलंडवताना तिचा हात क्षणभर अडला. मावशी तळघराच्या झरोक्यात होत्या. आत भिंतीवर नवी लाल रेघ ओढलेली.

“मी डोळ्यांत तेल घालून बघते,” त्या ओरडल्या.

“तेल नको, मावशी! नुसतं बघा!”

डिझेल बोअरच्या कडेने खळखळत उतरलं. अर्धा डबा, पाऊण, सगळा. मग शांतता. ऊन डोक्यावर आलं होतं. वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची सरकवली. झरोक्यातून मावशी सांगत होत्या: अजून पुसतेय... अजून पुसतेय... बोटभर उरली...

आणि मग: “थांबली! गोटीच्या आई, रेघ थांबली!”

तिने टॉर्च घेतला आणि बोअरच्या तोंडावर वाकली. बघायला नको, हे कळत होतं. काकाही वाकले.

बोअरचा सगळा गोल डिझेलने चमकत होता, आणि खूप खाली त्याचा नाण्याएवढा आरसा. तीन मीटरवरच्या भेगेखाली ती चमक एका जागी विझली. छोटासा ठिपका, लहान मुलाच्या तळव्याएवढा. मग त्याच्या थोडा खाली, डावीकडे, दुसरा. मग उजवीकडे. एक, आणि एक, आणि एक, सावकाश, चाचपत. जिना उतरता न येणारं मूल भिंतीकडे तोंड करून उलटं उतरतं, तसं. उतरणारं कुणी दिसत नव्हतं. नुसती चमक जात होती, आणि मागे कोरडा, स्वच्छ खडक राहत होता. ठिपके टॉर्चच्या उजेडाबाहेर गेले. खालचा आरसा एका कडेने मिटला.

मग आवाज आला. तो तिला ओळखू आला नसता तरच नवल. पोट भरत असताना बाळ नाकाने श्वास घेत मचमच करतं, तो.

काकांनी तिच्या हातातला टॉर्च काढून घेतला आणि विझवला. “बोळा,” ते म्हणाले.

८

हिशोबाने तीन गोण्या पुरायला हव्या होत्या. पाच गेल्या तरी सिमेंट वर दिसेना. भेग पीत होती. सहावी, सातवी. मावशी पदराला हात पुसत वर आल्या आणि सांगितलं नसताना घमेलं उचलायला लागल्या. आठव्या गोणीला साहेब गॅलरीत आले.

“मॅडम! मी हे लेखी घेईन हं!”

“घ्या! सात नंबरचं शून्य धरू नका, बोअर मी बुजवलं, माझ्या जबाबदारीवर! सही खाली आल्यावर देते!”

नवव्या गोणीला करडा लगदा बोअरच्या तोंडाशी आला आणि थांबला. काकांनी थापीने वरचा भाग सारखा केला. तिघंही बोअरच्या कडेला उभी राहून दम खात होती.

“झालं बाई,” मावशी म्हणाल्या.

तेवढ्यात लगद्याच्या सारख्या केलेल्या तोंडावर मधोमध एक बारीक गोल उमटला. कढत दुधावर साय हलावी तसा. तो कडेला गेला. मग दुसरा. लगदा अर्धा बोट वर आला.

काका दोन पावलं मागे सरले. तिच्या मनात एकदम सगळ्या भीत्या रांगेने उभ्या राहिल्या, गॅसच्या, जिन्याच्या, घशात अडकणाऱ्या शेंगदाण्याच्या, रोजच्या ओळखीच्या. आणि गंमत म्हणजे, या एका भीतीपुढे त्या सगळ्या पोरकट वाटल्या. आयुष्यभर ती नसलेल्या गोष्टींना घाबरत आली होती. ही होती. असलेल्या गोष्टीला निदान काहीतरी करता येतं.

तिने काकांच्या सामानातली साच्याची फळी ओढली, बोअरच्या तोंडावर आडवी टाकली आणि तिच्यावर बसली. सगळ्या वजनानिशी, मांडी घालून.

“मॅडम, उठा,” काका म्हणाले. “सिमेंट आवळायला चार तास लागतील.”

“मग चार तास.”

खालून फळीवर थाप आली. जोराची नव्हती. हळू, आर्जवी, दोन थापा, थांबून आणखी दोन. ती तिच्या मणक्यातून वर आली, आणि तिच्या छातीत दूध भरून आल्यासारखी कळ उठली. शरीर मूर्ख असतं. हाक कुणाची आहे हे ते विचारत नाही. एक क्षण, फक्त एकच क्षण, तिला वाटलं की उठावं, बाजूला व्हावं, भुकेलंय बिचारं.

तिने दात आवळले, टाच उचलली आणि फळीवर खाडकन आपटली.

“नाही,” ती खाली बघून म्हणाली. “संपलं. आता काही मिळायचं नाही.”

थापा थांबल्या.

ऐकलं म्हणून थांबल्या, की ऐकतंय म्हणून, हे तिला कळायला मार्ग नव्हता. ती तशीच बसून राहिली, दोन्ही तळवे फळीवर दाबून, सिमेंटची ऊब हळूहळू वर येईपर्यंत.